बिरदेवचा डावा गुडघा

बिरदेव तरंगे उभा राहत नसे. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघताना तो कुणाच्या तरी गोणीवर बसायचा, गोणी नसली तर फरशीवर. बसायला आणि आडवं व्हायला अशा दोन्ही जागा असल्या तर तो आडवा व्हायचा. बारामतीत कॉलेजच्या दिवसांत आम्ही दोघं मिळून खोली शोधत होतो, तेव्हा मी खिडक्या बघत होतो आणि तो घरमालकांना एकच प्रश्न विचारत होता, "जिना हाय का?" चांगल्या हवेशीर खोल्या त्याने जिन्यापायी सोडल्या. शेवटी गोठ्याला चिकटलेली तळमजल्यावरची खोली घेतली. हा मुलगा राज्यातल्या सर्वांत वेगवान सायकलपटूंपैकी एक आहे, असं मी घरमालकीण काकूंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. काकूंनी चटईवर पसरलेल्या बिरदेवकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असेल बाबा. पण पोरगं आजारी दिसतंय."

मी त्याला याबद्दल छेडलं की तो म्हणायचा, "पायात रोज थोडंच बळ येतंय, कामरेड. ते जिन्यावर कशापाय सांडायचं?"

कामरेड हे त्याने मला दिलेलं नाव. माझे वडील वालचंदनगरला कामगार होते, युनियनची पत्रकं लिहायचे, आणि मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे माझं पहिलं वाचन. आमच्या क्वार्टरमध्ये देवाच्या फोटोमागेसुद्धा उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असत. हे कळल्यापासून बिरदेवने मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. जगातला कुठलाही अन्याय दिसला की मला त्याचा मथळा सुचायचा आणि बिरदेव भिंतीला पाय टेकवून, डोळे मिटून म्हणायचा, "लिव्ह लिव्ह. मी ऐकतोय."

भिंतीला पाय टेकवून झोपणं ही त्याची रोजची सवय. कंबर जमिनीला, टाचा वर. रक्त खाली उतरतं म्हणे. खोलीच्या चुन्यावर त्याच्या टाचांचे दोन काळे डाग पडले होते. त्या पायांवर केस नव्हते. तो दर आठवड्याला पाय भादरायचा, कारण पडल्यावर जखम स्वच्छ राहते आणि मालीश नीट होते. गावी गेल्यावर त्याची आई त्याला म्हणाली होती, "मेल्या, तुजं लगीन कसं जमवू? पोरीची मान्सं पाय बगायला आली तर?" तेव्हापासून तो गावात फुल पँट घालायचा, उन्हाळ्यातही.

त्याचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेपटाला. शेपटाचं गाव म्हणजे जिथं पाणी येतं असं कागदावर असतं. त्याच्या बापाची मेंढरं होती. धुळाआबा पावसाळा संपला की कळप घेऊन घाटाखाली उतरायचे. मेंढरं जवळपासच्या रानांत बसलेली असत तेव्हा आई बिरदेवला भाकरी बांधून देऊन जुन्या सायकलवर पाठवायची. कळप काल जिथं होता तिथं आज नसायचा. मग माग काढत, बांधावरून, ओढ्यातून सायकल हाणत जायचं आणि ऊन व्हायच्या आत भाकरी पोचवायची. "माजा पयला कोच म्हंजी ती मेंढरं," तो सांगायचा. "कुठं थांबलीत ते कधी सांगायचीच न्हाईत."

पुढे धुळाआबांनी कळप मोडला आणि थोडी शेती, थोडी मजुरी असं सुरू झालं. बिरदेव शाळेच्या शर्यतीत मागून घेतलेल्या सायकलवर पहिला आला. कुणा क्रीडाशिक्षकाने त्याला पुण्याला नेलं. तिथल्या सरांनी त्याला घडवलं. आधी रस्त्यावरच्या शर्यती, घाटाच्या शर्यती, मग पुण्याजवळ सिमेंटचा ट्रॅक झाला तेव्हा ट्रॅकवरच्या. नव्वदनंतरची ती चार-पाच वर्षं तो राज्याच्या संघात होता. संघाच्या पदाधिकाऱ्यांना ब्लेझर मिळायचे. खेळाडूंना टायर मिळायचे नाहीत. शर्यतीच्या सायकलचा टायर नळीसारखा गोल शिवलेला असतो, पंक्चर काढायचं तर शिवण उसवून आतली ट्यूब काढावी लागते आणि पुन्हा शिवावं लागतं. बिरदेव ते काम आईच्या वाकळ शिवायच्या सुईने करायचा. मी शेजारी बसून पदाधिकाऱ्यांना शिव्या द्यायचो. तो दोऱ्याला मेण लावत म्हणायचा, "तू शिव्या दे, मी शिवतो. दोनीपैकी येक तर कामाला यील."

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात, आणि पाय थांबवला तरी पॅडल थांबत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरलाच पाहिजे. अशा सायकलवर तो एकदा बारामतीच्या भर बाजारातून आला आणि हवालदाराने त्याला अडवलं. म्हणजे हवालदार आडवा आला आणि बिरदेव त्याच्याभोवती दोन गिरक्या घेऊन, कठडा धरून थांबला.

"ब्रेक कुठाय रं?"

"न्हाय सायब."

"घंटी?"

"न्हाय."

"मग थांबतोस कसा?"

"ह्या सायकलवर थांबायचंच नसतंय सायब."

हवालदाराने त्याला चौकीत बसवून ठेवलं. मी तावातावाने कायदा सांगायला गेलो, तर बिरदेव बाकावर आडवा होऊन गाढ झोपला होता. हवालदार मला म्हणाला, "घेऊन जा ह्याला. मगापासून घोरतोय."

पावसाळ्यात रस्ते वाहून जायचे, म्हणून त्याने एका लेथवाल्याकडून पाइपांचे तीन रूळ करून घेतले होते. रुळांवर सायकल ठेवून जागच्या जागी चालवायची. पहाटे खोलीत अशी घरघर सुरू व्हायची की गोठ्यातली म्हैस उठून बसायची. एकदा काकू दार वाजवत आल्या. "पिठाची गिरणी घातली का रे आत? वीज माझी आहे!" बिरदेव रुळांवरच होता. घामाने निथळत, हात न सोडता तो म्हणाला, "काकू, दळायला काय आनलंय?" काकू रागावणार होत्या. पण त्याच्या खालची फरशी घामाने ओली झालेली त्यांनी पाहिली आणि आल्या पावली परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून दाराशी दुधाचा तांब्या येऊ लागला. दूध उंबऱ्यावरून आत आणायचं काम अर्थात माझं.

लांबच्या सरावाला निघताना तो कुठे जायचंय हे कधी बोलत नसे. विचारलं तर ओठावर बोट ठेवायचा. "पायाला कळू द्यायचं न्हाय. इंदापूरला जायाचंय म्हनलं की बारामतीतच दुखायला लागत्यात." मग भिगवण, इंदापूर, परत कालव्याच्या रस्त्याने बारामती, असा फेरा मारून तो यायचा आणि भिंतीला पाय लावायचा. मी काही विचारायचो नाही. चेहरा असा असायचा की माणूस लांबच्या मयतीला जाऊन आलाय.

थकवा हाच त्याचा खरा धंदा होता, हे मला हळूहळू कळत गेलं. लोकांना पदक दिसतं. मला दिसायचा तो संध्याकाळी सात वाजता ताटावर बसल्या बसल्या झोपलेला, हातात भाकरीचा तुकडा तसाच धरलेला माणूस.

आता त्याच्या राष्ट्रीय पदकाची गोष्ट. दिल्लीला ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीत त्याला रौप्यपदक मिळालं. पाठलाग म्हणजे दोन सायकलस्वार ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी सुटतात आणि एकमेकांना गाठायचा प्रयत्न करतात. चार किलोमीटर अंतर, पाच मिनिटांच्या आसपास सगळं संपतं. पण त्या पाच मिनिटांत माणूस आतून पिळून निघतो. उतरल्यावर बिरदेवला धरावं लागायचं.

गावाने सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, शाळेची पोरं रांगेत. अध्यक्षस्थानी पोपटराव, गावचे पुढारी. भाषणाच्या मध्येच त्यांनी माइक बिरदेवपुढे धरला. "सांग गावाला, किती दिस चालवलीस सायकल?"

बिरदेव म्हणाला, "पाच मिन्टं."

मागून कुणीतरी बोललं, "आन् त्येवढ्यापाय दिल्लीला गेलता?"

हसू फुटलं ते आवरेना. बिरदेवही हसला. त्याच्या शेजारी फेटा बांधून बसलेले धुळाआबा मात्र हसले नाहीत. त्यांना त्या शर्यतीचं आधीपासूनच वावडं होतं. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "गोल फिरत्यात म्हंत्यात तितं. खरं हाय का?" मी हो म्हणालो. आबांनी मान हलवली. "मेंढरू गोल फिराय लागलं की समजायचं, डोस्क्यात किडा गेला. आट दिसांत मरतंय." तरी पोरगा घरी आला की ते त्याची पोटरी अंगठ्याने दाबून बघायचे, मेंढा घेताना बघतात तशी. दाबून झालं की "हं" म्हणायचे. बिरदेव त्या "हं"साठी थांबलेला असायचा.

गावाचा प्रश्न गावाच्या दृष्टीने बरोबरच होता. आमच्या भागात सायकलचा पराक्रम म्हणजे एकच. गावोगाव एक फिरस्ता यायचा, शाळेपुढच्या मैदानात दोरी बांधून रिंगण करायचा, कर्णा लावायचा आणि दिवसरात्र सायकलवरून खाली न उतरता फिरत राहायचा. सायकलवरच अंघोळ, सायकलवरच जेवण, दाताने जमिनीवरचा रुमाल उचलणं. देहधर्मापुरता कनातीचा आडोसा, तेवढीच सूट. बायाबापड्या बघायला यायच्या, सदऱ्याला नोटा टाचायच्या. ज्या गावाने ही सायकल पाहिली होती त्याला पाच मिनिटांची सायकल कशी कळावी?

त्या वर्षी उन्हाळ्यात देशाच्या संघाची निवड होती. परदेशातल्या स्पर्धेला जायचं होतं. सरांनी बिरदेवला स्पष्ट सांगितलं होतं की पाठलागाच्या शर्यतीत एकच जागा आहे आणि ती तुझी आहे, फक्त पुण्याच्या ट्रॅकवर येऊन नेहमीसारखं पळ. बिरदेव सव्वीस वर्षांचा झाला होता. पुढच्या निवडीपर्यंत पाय टिकणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्याने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवसांत टायर शिवताना तो अचानक म्हणाला, "कामरेड, येकडाव पाठीवर देशाचं नाव पायजे. मंग आयुष्यभर जिना चढीन."

निवडीला पंधरा दिवस होते. आईच्या हातचं खायला तो चार दिवस गावी निघाला. मलाही ओढून नेलं. आणि त्याच आठवड्यात गावात मास्टर शंकर आलेला.

मास्टर शंकर सोलापूरकडचा, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, डोळ्यांत सुरमा. तीन दिवस न उतरता सायकल चालवणार होता. आम्ही पोचलो तेव्हा दुसरा दिवस होता. पारावर पोपटराव बसले होते, भोवती गाव. धुळाआबा कडेला.

"धुळाबा, बगितलं का?" पोपटराव म्हणाले. "कालधरनं भुईला पाय न्हाय त्येचा."

"बगितलं की."

"न्हाय, म्हनलं, आपला बिरदेव पाच मिन्टात दमतोय. त्येला धरून उतरवावं लागतंय म्हनं!"

हशा पिकला. आबा म्हणाले, "त्ये येगळं आसतंय."

"येगळं म्हंजी कसं?"

आबांना ते सांगता येईना. त्यांनी पोराकडे पाहिलं. बिरदेव म्हणाला, "ती जोराची आसती, पोपटतात्या. ह्यो हळू चालवतोय."

"मंग तू हळू चालीव की! ज्येला पळता येतंय त्येला चालता येत न्हाय व्हय?"

माझ्याकडे याला उत्तर होतं, पण ते पत्रकाच्या भाषेत होतं. पोपटराव पुढे म्हणाले, आणि या वेळी ते हसत नव्हते, "ह्यो परक्या गावचा गडी हाय, पर डोळ्यादेखत चालवतोय. दिल्लीचं कुनी बगितलं? पेपरात आलं म्हंता. पेपरात काय बी येतंय."

आबा उठले आणि घोंगडं खांद्यावर टाकून घरी निघाले. जेवून हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "बिरू, येकडाव दाव त्यास्नी."

मी मध्ये पडलो. निवड आहे, पाय राखायचे आहेत, सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कवा हाय ती?"

"पंधरा दिवसांनी."

"मंग लई येळ हाय. मेंढरं दिसभर चालत्यात, रातीला बसत्यात, सकाळी पुन्यांदा उटत्यात. चालून कुनाचं पाय जात न्हायती, पोरा. बसून जात्यात."

सगळं आयुष्य चालण्यात गेलेल्या माणसाचं हे बोलणं. त्यात अक्कल होती, अनुभव होता. फक्त ते मेंढरांबद्दल खरं होतं. बिरदेवने बापाकडे पाहिलं. ज्याने कधी काही मागितलं नाही असा बाप मागत होता. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडलो. तो ओसरीच्या कडेला बसत म्हणाला, "हळू तर चालवायचीय. पायाला कळू द्यायचं न्हाय."

पोपटरावांनी ठरवलं की मास्टर शंकरपेक्षा एक दिवस जास्त, म्हणजे चार. गावभर दवंडी झाली. बिरदेवची शर्यतीची सायकल मातीच्या रिंगणात चालणार नव्हती, म्हणून मास्टर शंकरने उतरल्यावर आपली दिली. काळी, जड सायकल, कसरतीसाठी सीट अगदी खाली बसवलेली. बिरदेवने सीट वर घ्यायला पाना मागितला. नट असा गंजला होता की हलला नाही. खालच्या सीटवर बसलं की गुडघे पोटात येतात आणि प्रत्येक फेरीला आतून भरडले जातात. रिंगणही एकाच अंगाला, कायम डावीकडे वळणारं. हे बिरदेवला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण बायका ओवाळायला ताट घेऊन आल्या होत्या.

पहिला दिवस मजेत गेला. तो हात सोडून चालवायचा, पोरांना चिडवायचा, पोपटरावांची टोपी जाता जाता उचलायचा. दुसऱ्या दिवशी बोलणं बंद झालं. मास्टर शंकर अजून गावातच होता. दुसऱ्या दुपारी, सगळं गाव रानात गेलेलं आणि मैदानात चिटपाखरू नाही, तेव्हा तो पाण्याचा तांब्या घेऊन बिरदेवच्या बरोबर चालू लागला. मी सावलीत होतो, मला ऐकू येत होतं.

"पैलवान, उतरा आता."

"कसा उतरू?"

"मी कसा उतरतो? दुपारी कुनी नसतंय. कनातीत जायाचं, पडायचं दोन तास. पहाटंबी तसंच. तीन दिवस खरंच चालवतो व्हय मी? मरंन की." तो हसला. "लोकान्लाबी म्हाईत असतंय. त्येंना खेळ बगायचा असतोय. तुमी येडं हाय का?"

बिरदेवने हनुवटीने रिंगणाच्या कडेला दाखवलं. तिथं लिंबाच्या झाडाखाली धुळाआबा घोंगडं अंथरून बसले होते.

"आबा बसल्यात."

"मंग? जाऊन झोपा म्हनावं."

"पयल्या दिसापास्नं हायती. जेवाय बी हितंच. कळप एकटा सोडायचा नसतोय म्हंत्यात."

आबा पहारा करत नव्हते. पोराला सोबत करत होते. त्यांना कुणी सांगितलं असतं की हा मध्ये उतरून झोपतो, तर ते खुशाल 'बरं' म्हणाले असते असं मला आजही वाटतं. पण बिरदेवच्या ते डोक्यातच येत नव्हतं. ज्याने चार किलोमीटरमधला एक मीटर कधी चोरला नाही, त्याला चार दिवसांतली एक दुपार चोरता येत नव्हती. मास्टर शंकर माझ्याजवळ येऊन बसला. "ह्येला आमचा धंदा जमायचा न्हाय," तो म्हणाला. आवाज चेष्टेचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी बिरदेव सायकलवर झोपू लागला. पाय फिरत असायचे, मान पडलेली असायची. गावातले तरुण त्याच्या दोन्ही अंगांना चालत गाणी म्हणायचे, टाळ्या पिटायचे, तोंडावर पाणी मारायचे. बाया रडायच्या. चौथ्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं ट्रॅक्टर भरून आली. गाव त्याच्यावर इतकं प्रेम करत होतं की त्याला उतरू देत नव्हतं. तो उतरला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. पोपटरावांनी सर्वांदेखत धुळाआबांचे पाय धरले. "चुकलो, धुळाबा. गावाचं नाक राखलं तुज्या पोरानं."

मी आबांना तेव्हा प्रथम रडताना पाहिलं. त्यांनी बिरदेवची पोटरी दाबली आणि "हं" म्हणाले. पोटरी ठीकच होती. डावा गुडघा नारळाएवढा सुजला होता, तो फुल पँटच्या आत होता.

निवडीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. सूज उतरली होती. चालताना काही कळत नव्हतं. त्याच्यासमोर जेमतेम वीस वर्षांचा एक मुलगा होता, लांब हातापायांचा. शिट्टी झाली. पहिल्या काही फेऱ्या बिरदेव नेहमीसारखाच गेला, पाठ सपाट, डोकं खाली, सायकल ट्रॅकच्या आतल्या काळ्या रेघेला चिकटलेली. सर घड्याळाकडे बघून मान डोलवत होते. मग एका वळणावर त्याचा डावा पाय बाहेर फेकल्यासारखा झाला. पुढच्या फेरीत पुन्हा. मी सांगितलं ना, त्या सायकलवर पाय थांबवता येत नाही. दुखऱ्या गुडघ्यालाही चाक फिरवतच राहतं. वेग कमी झाला की निदान थांबता तरी यावं, पण शर्यतीत तेही करायचं नसतं. बिरदेव फिरत राहिला. समोरचा मुलगा अर्ध्या ट्रॅकवरून जवळ येत गेला, आणखी जवळ, आणि शेवटच्या फेरीची घंटा व्हायच्या आधी त्याने बिरदेवला मागून गाठलं. पाठलागात गाठला गेलेला माणूस संपतो. पंचांनी झेंडा दाखवला.

सर धावत आले. "गुडघ्याला काय झालंय?"

"पडलो हुतो सर, गावाकडं."

"कधी? मला का नाही सांगितलंस?"

"चूक झाली सर."

एवढंच. गाव नाही, रिंगण नाही, आबा नाहीत.

परतीच्या एस.टी.त जागा भरपूर होती आणि बिरदेव उभा राहिला. गुडघा वाकत नव्हता. दांडा धरून, कपाळ दंडावर टेकवून तो दौंडपर्यंत तसाच. माझ्या डोक्यात पत्रक तयार होत होतं. 'ग्रामीण खेळाडूचा बळी!' टायर न देणारे, ब्लेझर घालून पुढच्या रांगेत बसणारे, खेळ म्हणजे तमाशा समजणारे पुढारी, सगळ्यांना मी ओळीने उभं केलं होतं. मी त्याला वाचून दाखवावं तसं बोलून दाखवलं. त्याने डोळे न उघडता ऐकलं.

"नाव कुनाचं टाकशील?"

"व्यवस्थेचं."

"यवस्था कुठं ऱ्हाती, मला ठावं न्हाय. माजा बाप कुठं ऱ्हातो ते ठावं हाय." मग दांडा दुसऱ्या हातात घेत, "गावात पत्रक ग्येलं तर आबा कुनाकडनं तरी वाचून घेत्यात. न्हाय लिवायचं, कामरेड."

मी वडिलांच्या पत्रकांवर वाढलो. प्रत्येक दुःखाला एक गुन्हेगार असतो आणि त्याचं नाव ठळक अक्षरात छापायचं असतं, हे मला शिकवलं होतं. इथे माझ्यापुढे दुःख होतं आणि गुन्हेगारांच्या जागी एक म्हातारा होता, जो चार दिवस झाडाखाली पोराच्या सोबतीला बसला होता. मी लिहिलं नाही. आज लिहितोय ते पत्रक नव्हे, आणि हे त्या गावापर्यंत पोचणार नाही याची काळजी घेऊन, गावाचं नाव वगळून आणि माणसांची नावं बदलून लिहितोय.

त्यानंतर बिरदेव शर्यतीत उतरला नाही. ट्रॅकची सायकल सरांकडे राहिली. गावात सांगितलं, वय झालं. लोणी देवकरच्या कारखान्यात नोकरी लागली. पाळीला तो मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून जातो. गावात त्याचं नाव मोठं आहे. पाहुणा आला की त्याला मैदान दाखवतात. दिल्लीच्या पदकाचं कुणी बोलत नाही.

गेल्या वर्षी धुळाआबांना छातीच्या दुखण्याने बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मी भेटायला गेलो. दाराजवळच्या स्टुलावर बसलो. बिरदेव खाटेच्या पायथ्याशी, डावा पाय लांब सोडून बसला होता. अंग सुटलं होतं. आबा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तीच गोष्ट सांगत होते.

"चार दिस! भुईला पाय न्हाय. मी सोता हुतो तितं."

"मग सायकल सोडली कशापायी?" शेजाऱ्याने विचारलं.

"मन भरलं आसंल. व्हय रं, बिरू?"

"व्हय आबा. मन भरलं."

"पाय दुखलं न्हवतं न्हवं तवा? मी कवा इचारलंच न्हाय."

"न्हाय आबा. कुठलं दुखायला."

आबांनी समाधानाने उशीवर मान टाकली. मग म्हणाले, "जा, पावन्याला च्या आन."

बिरदेव खाटेचा दांडा धरून उठला. क्षणभर थांबला. आबा बघत होते. हजार मेंढरांत लंगडं कुठलं ते बांधावरून ओळखणारी ती नजर होती. बिरदेव दोन रांगांतल्या खाटांमधून चालत निघाला, ताठ, सावकाश, दोन्ही पावलं सारखी टाकत. वॉर्ड लांब होता. तो दारापर्यंत तसाच आला, माझ्या अंगावरून बाहेर गेला आणि वळला. तिथून तो आबांना दिसत नव्हता. त्याने भिंतीला हात लावला, डोळे मिटले आणि पाय वर उचलून धरून उभा राहिला.

आत आबा शेजाऱ्याला सांगत होते, "चाल बगितली का? तशीच हाय आजून."

बाहेर बिरदेवने डावा पाय टेकवला आणि लंगडत, भिंतीच्या आधाराने, चहा आणायला गेला.